कुरळे केस घरी वाळवायचे कसे: न्हाणीघरातून उशीपर्यंत

कुरळ्या केसांना काय लावायचं, हे सगळे विचारतात. कसे वाळवायचे, हे फार कमी जण विचारतात आणि नेमकं तिथेच बिनसतं. महागडं क्रीम लावून, मग टर्किश टॉवेलने खसाखसा पुसून, पंख्याखाली उभं राहून कंगवा फिरवला तर क्रीमचे पैसे पाण्यात गेले म्हणून समजा.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे काही बंध पक्के असतात, पाण्याने ते हलत नाहीत. पण हायड्रोजन बंध नावाचे कच्चे बंध केस भिजला की सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. जुळताना केस ज्या आकारात असेल, तोच आकार पुढे टिकतो. ओल्या केसांची वेणी घालून ठेवली की सोडल्यावर लाटा दिसतात त्या याचमुळे. अर्धवट वाळलेल्या केसांत सारखी बोटं घातली की बटा फुटतात आणि डोकं पिंजारतं तेही याचमुळे. पावसाळ्यात तर हवेतला दमटपणाच हे बंध पुन्हा सैल करतो, म्हणून सकाळी नीट बसलेले केस लोकलमधून उतरेपर्यंत फुलून येतात.

तेव्हा या लेखात सगळा भर ओल्यापासून कोरड्यापर्यंतच्या मधल्या वेळावर आहे. माझं माहेर अकोल्याचं आणि घर ठाण्यात, त्यामुळे कोरडी हवा आणि दमट हवा दोन्ही या एका डोक्याने सोसल्या आहेत. जिथे दोन्हीकडे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे.

आधी जमवाजमव

यातलं निम्मं घरात असतंच.

- जुना सुती पंचा किंवा विटलेला टी-शर्ट. पंचा जितका धुऊन धुऊन मऊ झालेला तितका चांगला.
- मोठ्या दातांचा कंगवा. लाकडी असेल तर उत्तम, पण प्लॅस्टिकचा चालतो. दातांच्या मधल्या शिवणीला धार नको. अंगठ्याचं नख फिरवून बघा, खरवडलं तर तो कंगवा केसही खरवडणार.
- कंडिशनर, लीव्ह-इन (धुऊन न टाकता केसांतच ठेवायचं कंडिशनर) किंवा कर्ल क्रीम आणि जेल. तिघांपैकी एकच घ्यायची ऐपत असेल तर जेल घ्या. लीव्ह-इनच्या जागी नेहमीचं कंडिशनर शेंगदाण्याएवढं घेऊन ओल्या केसांत ठेवून दिलं तरी सुरुवातीला भागतं.
- ड्रायर आणि डिफ्यूझर. डिफ्यूझर म्हणजे ड्रायरच्या तोंडाला बसणारी पसरट जाळी, आतून बोटं असलेली. वेगळा विकत घेणार असाल तर आधी ड्रायरच्या तोंडाचा व्यास मोजा. 'सगळ्यांना बसतो' असं लिहिलेला प्रत्येक डिफ्यूझर सगळ्यांना बसतोच असं नाही.
- चार-सहा छोटे चिमटे, एक फवाऱ्याची बाटली, सॅटिनचा किंवा रेशमी अभ्रा.

ड्रायर घेताना एक गोष्ट दुकानदार आपणहून सांगत नाही. आपल्या भिंतीवरचा नेहमीचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो, त्यावर साधारण १२०० वॉटपर्यंतचा ड्रायर ठीक चालतो. २००० वॉटचा घेतलात तर गीझरसारखा मोठा १६ अँपिअरचा सॉकेट लागतो, आणि तो बहुतेक घरांत आरशाजवळ नसतो. कुरळ्या केसांना इतका जोर लागतही नाही. हवा कमी-जास्त करण्याची आणि उष्णता कमी-जास्त करण्याची बटणं वेगवेगळी असली की झालं. वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर ड्रायर लावू नका. आणि न्हाणीघरात तर कधीच नको.

१. आपल्या बटा ओळखा, पण आकड्यांत अडकू नका

इंटरनेटवर २ए, २बी, ३सी असे प्रकार दिसतील. ही वर्गवारी ओप्रा विन्फ्रे यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९०च्या दशकात रूढ केली. २ म्हणजे लाटा, ३ म्हणजे गोल वळणं, ४ म्हणजे अगदी बारीक वेटोळी. एकाच डोक्यावर मानेकडे ३बी आणि कपाळाकडे २ए असणं अगदी सर्रास आहे, त्यामुळे आपला 'नंबर' शोधण्यात आठवडा घालवू नका.

कामाच्या गोष्टी दोनच: केस दाट आहेत की विरळ, आणि पाणी पटकन पितात की नाही. दुसरी गोष्ट बघायला केस पेल्यात टाकून तरंगतो का पाहायचा प्रयोग सांगतात, त्याचा भरवसा नाही. केसाला लागलेलं तेल-क्रीमही त्याला तरंगत ठेवतं. त्यापेक्षा न्हाताना बघा. पहिला तांब्या ओतल्यावर पाणी केसांवरून मोत्यांसारखं ओघळून जात असेल आणि नंतर केस वाळायला अर्धा दिवस घेत असतील, तर केसांचे वरचे खवले घट्ट मिटलेले आहेत. त्यांना हलकं लीव्ह-इन लावा, जड लोणी-तेलं नकोत. लगेच चिंब होऊन लगेच वाळत असतील, म्हणजे बहुधा रंगवलेले, स्ट्रेट केलेले किंवा उन्हाने खाल्लेले असतील, तर क्रीम थोडं जास्त लागेल.

२. पाणी कसलं आहे ते बघा

बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यावर राहणाऱ्यांनी हा टप्पा गाळू नये. बादलीला पांढरी कड धरते, नळाच्या तोंडाशी खवले जमतात, साबणाला फेस येत नाही, म्हणजे पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसत जातं आणि मग कितीही चांगलं जेल लावा, केस काथ्यासारखे राठच लागतात.

यावर महिन्यातून एक-दोनदा क्षार काढणारा शाम्पू वापरावा. बाटलीवर 'चिलेटिंग' किंवा 'क्लॅरिफाइंग' लिहिलेलं असतं. घटकांच्या यादीत ईडीटीए (क्षारांना धरून काढणारं रसायन) बघा, पण ते इतर शाम्पूंतही थोडं असतं, म्हणून नुसतं नाव दिसलं एवढ्यावर खरेदी करू नका. दुसरा स्वस्त उपाय म्हणजे शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या पाण्याचा. एक तांब्या पुरतो, सगळं न्हाणं आरओच्या पाण्याने करायला निघू नका.

३. धुणं आणि गुंता काढणं

कुरळ्या केसाचं मूळ त्वचेतच वाकडं असतं. त्वचेतून सुटणारं तेल सरळ केसावरून शेंड्यापर्यंत सहज उतरतं, वळणावळणाच्या केसावर ते मुळाशीच अडकतं. म्हणून टाळूवर तेलकट आणि शेंड्यांना कोरडे, अशी तक्रार बहुतेक कुरळ्या डोक्यांची असते. शाम्पू टाळूला, कंडिशनर शेंड्यांना, हा हिशेब त्यावरूनच आला.

शाम्पू तळहातावर पाण्यात फेटून घ्या, बोटांच्या पेरांनी फक्त टाळू चोळा. केसांची लांबी फेस उतरताना आपोआप धुतली जाते. आठवड्यातून दोनदा धुणं बहुतेकांना पुरतं. लोकलने किंवा दुचाकीवर हेल्मेट घालून जाणाऱ्यांना तीनदा लागेल.

सल्फेट (फेस आणणारा कडक घटक) नसलेला शाम्पूच हवा का? कोरडे केस असतील तर हो, फरक पडतो. पण सल्फेट म्हणजे विष आणि सिलिकोन (केसांवर गुळगुळीत थर बसवणारा घटक) म्हणजे पाप असं जे पसरलं आहे, ते मला पटत नाही. सिलिकोन असलेलं कंडिशनर वापरलंत तर मधूनमधून जरा कडक शाम्पूने केस धुवा, एवढंच. उलट परदेशी सल्ला वाचून शाम्पू बंद करून नुसत्या कंडिशनरने न्हाणाऱ्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. आपल्याकडच्या घामाला आणि धुळीला ते झेपत नाही, महिन्याभरात टाळूला खाज आणि कोंडा.

तेलाचं काय, हा प्रश्न येणारच. २००३ साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसातलं प्रथिन झिजणं कमी झालं ते फक्त खोबरेलने. ही खोबरेल विकणारीच कंपनी, हे लक्षात ठेवून वाचायचं. पण खोबरेलाचे रेणू केसाच्या आत शिरतात यामागची कारणमीमांसा पटण्यासारखी आहे, आणि आपल्या आज्या न्हाण्याआधी तेल चोपडायच्या ते काही उगाच नाही. तेल न्हाण्याआधी तास-दोन तास लावा. न्हाल्यावर वरून चोपडलंत तर जेल केसाला धरत नाही.

आता गुंता. हा काढायची जागा एकच, न्हाणीघरात, केसांत कंडिशनर असताना. भरपूर कंडिशनर लावा, पाणी शिंपडत राहा, आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवा. मग कंगवा शेंड्यापासून सुरू करून चार-चार बोटं वर सरका. वरून खाली ओढलंत तर सगळे गुंते शेंड्याशी गोळा होऊन एकच मोठा गठ्ठा होतो. न्हाणीघराच्या जाळीवर गुंतवळ बघून घाबरू नका. रोज न विंचरणाऱ्यांचे तीन-चार दिवसांचे गळालेले केस एकदम निघतात, कारण ते वळणांत अडकून राहिलेले असतात.

कंडिशनर धुताना डोकं पुढे झुकवा, ओंजळीत पाणी घेऊन केस खालून वर टाळूकडे दाबा. 'चप्प चप्प' असा ओला आवाज यायला हवा. केस हाताला शेवाळासारखे बुळबुळीत लागले की धुणं थांबवा. अगदी करकर वाजेपर्यंत धुतलंत तर जास्त धुतलंत.

४. जेल केस निथळत असतानाच

नव्या माणसाला हे सगळ्यात विचित्र वाटतं. आपल्याला केस पुसून मग काहीतरी लावायची सवय. इथे उलट. पाणी टपटप गळत असतानाच, न्हाणीघरातच उभं राहून लीव्ह-इन आणि जेल लावायचं. ओल्या केसांच्या बटा आपसूक एकत्र चिकटलेल्या असतात, जेल त्यांना तसंच धरून ठेवतं. पाच मिनिटं जरी उशीर झाला तरी वरचे बारीक केस सुटून उभे राहायला लागतात.

खांद्याखाली येणाऱ्या मध्यम दाट केसांना लीव्ह-इन एक चहाचा चमचा आणि जेल दोन चमचे, इथून सुरुवात करा. तळहातांवर पसरून, नमस्कार करतो तसे दोन्ही हात जोडून त्यांच्यामधून एकेक बट वरून खाली सरकवा. केस दाट असतील तर चार भाग करा आणि आतल्या भागापासून सुरू करा. बहुतेक जण वरचा थर चकचकीत करतात आणि मानेकडचे बिचारे कोरडेच राहतात.

सगळीकडे जेल लागलं की डोकं एका बाजूला झुकवून बटा मुठीत घ्या आणि टाळूच्या दिशेने दाबा. दाबा, सोडा. चुरगळायचं नाही. बोटांमधून पांढरट पाणी गळेल, गळू द्या.

*जेल विकतचंच हवं का?* नाही. विदर्भ-मराठवाड्यात जवस घरात असतंच, चटणीसाठी आणलेलं. न भाजलेलं पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात घाला आणि मध्यम आचेवर ढवळत राहा. सात-आठ मिनिटांनी पाणी दाटायला लागतं, वर पांढरा फेस येतो. चमचा वर उचलून बघा: थेंब तुटून पडत असतील तर अजून वेळ आहे, थेंबामागे अंड्याच्या पांढऱ्यासारखी लांब तार लोंबायला लागली की गॅस तत्क्षणी बंद. आणि लगेच, गरम असतानाच, पातळ कापडातून गाळा. थोडं थांबू म्हणालात तर ते इतकं घट्ट होतं की कापडातून उतरतच नाही, मग पिळत बसावं लागतं. गार झाल्यावर स्वच्छ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा. त्यात टिकवणारं काही नसतं, म्हणून आठवड्याभरात संपवा. वास बदलला तर फेकून द्या. जास्त झालं तर बर्फाच्या साच्यात गोठवा, दर न्हाण्याला दोन खडे काढायचे. पकड विकतच्या जेलपेक्षा कमी असते, मुंबईच्या पावसाळ्यात एकट्या जवसावर विसंबू नका. आणि बाटलीवर काय आहे ते लिहून ठेवा, नाहीतर घरात कोणीतरी साबुदाण्याची पेज समजून ओतून देतं.

५. पुसायचं नाही, टिपायचं

आपल्याकडे न्हाऊन आल्यावर मान वाकडी करून पंचाने केस झोडपायची जुनी रीत आहे. सरळ लांब केसांना ती चालते. कुरळ्या केसांच्या बटा मात्र एका झटक्यात विस्कटतात. टर्किश टॉवेलचे धाग्यांचे फासे केसात अडकतात ते वेगळंच.

पंचा पलंगावर किंवा खुर्चीवर पसरा. पुढे वाकून सगळे केस पंचाच्या मधोमध उतरू द्या, म्हणजे बटा एकावर एक बसतात. मागची बाजू मानेवर घ्या, दोन्ही टोकं पीळ देऊन डोक्याभोवती बांधा. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. तेवढ्यात चहा होतो. तासभर बांधून ठेवलंत तर वरचे केस टाळूला चिकटून चपटे वाळतात आणि पुढे दिवसभर तसेच राहतात. पंचा सोडताना ओढू नका, हळूच उलगडा आणि डोकं वर आणा. या क्षणी केस विचित्र दिसतात, मध्ये भांग नाही, एक बट इकडे, एक तिकडे. दिसू देत.

६. वाळवणं

*मुळांपासून सुरू करा.* ओल्या केसांच्या वजनाने टाळूजवळचा भाग दबतो. भांगाच्या दोन्ही बाजूंना थोडेसे केस मुळाशी उचलून चिमटे आडवे लावा. भांग सरळ रेषेत पाडू नका, बोटाने नागमोडी पाडा, टाळू कमी दिसते.

*डिफ्यूझर वापरणार असाल तर* उष्णता मध्यम किंवा कमी, हवा कमी. पहिली सहा-सात मिनिटं डिफ्यूझर केसांना टेकवायचाच नाही. वीतभर लांब धरून डोक्याभोवती फिरवत राहा. जेलचा पातळ पापुद्रा वर वाळला, बटा हाताला किंचित कडक लागायला लागल्या, की पुढचा टप्पा. ड्रायर बंद करा. डोकं एका बाजूला झुकवा, लोंबणारे केस डिफ्यूझरच्या जाळीत उतरू द्या, मग जाळी वर टाळूपर्यंत न्या. आता ड्रायर सुरू करा. अर्धा मिनिट हलवू नका. बंद करा, जाळी खाली घ्या, पुढचा भाग. दर वेळी बंद-चालू करणं कटकटीचं वाटतं, पण चालू ड्रायर केसांत घालताना आणि काढताना वाऱ्याने शेजारच्या बटा उडतात, आणि सगळं पिंजारणं त्या दोन सेकंदांत होतं.

मागचे, मानेकडचे केस पुढे वाकून वाळवा. चार आणे ओल शिल्लक असताना ड्रायर ठेवून द्या, उरलेलं हवेवर वाळू दे. वाळले की नाही ते बोटांनी चिवडून बघू नका. हाताची उलटी बाजू मानेजवळच्या केसांना नुसती टेकवा, गार लागलं तर आत ओल आहे.

ड्रायरने केस जळतात, हवेवरच वाळवावे, असं घरोघरी सांगतात. जवळून, एकाच जागी, पूर्ण उष्णतेवर धरलात तर खरंच जळतात. ओल्या केसांवर तापलेलं यंत्र दाबलं तर केसातल्या पाण्याची वाफ होऊन आत बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच तुटतो. पण २०११ साली दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग बघण्यासारखा आहे. त्यांनी केस ५, १० आणि १५ सेंटिमीटरवरून ड्रायरने वाळवले, काही नुसते हवेवर वाळू दिले. ५ सेंटिमीटरवर तापमान ९५ अंशांपर्यंत गेलं आणि केसांचे वरचे खवले सगळ्यात जास्त बिघडले. १५ सेंटिमीटरवर ते ४७ अंशांच्या आसपास होतं. गंमत म्हणजे केसाच्या आतले थर चिकटवून ठेवणारा भाग फक्त हवेवर वाळवलेल्या केसांत फुगलेला दिसला, कारण ते फार वेळ ओले राहिले. १५ सेंटिमीटरवरून, सतत हलवत वाळवलेले केस एकूण बरे निघाले. म्हणजे ड्रायर लांब धरा आणि फिरवत राहा. वर सांगितलेला जाळीतला अर्धा मिनिट कमी उष्णतेवरच, टाळूला चटका लागला की लगेच हलवायचं.

*हवेवर वाळवणार असाल तर* चिमटे लावून स्वस्थ बसा. अगदी पंख्याखाली नको, वरून येणारा वारा वरचा थर उडवतो. पंखा एकवर ठेवा आणि कडेला बसा. ओले केस गाऊनच्या कॉलरवर घासू देऊ नका, खांद्यावर टी-शर्ट टाका. अकोल्यात मे महिन्यात माझे केस तासाभरात वाळतात. ठाण्यात जुलैमध्ये सकाळी धुतलेले दाट केस दुपारच्या जेवणापर्यंत आत ओलेच असतात. त्यामुळे पावसाळ्यात कोकणपट्टीत डिफ्यूझर ही चैन धरू नका.

ओल्या केसांचा अंबाडा घालून ऑफिसला पळणं मात्र बंद करा. आत कुबट वास धरतो, कोंडा वाढतो आणि बांधल्या जागी घडी पडते ती वेगळीच. ओले केस घेऊन झोपणंही त्यातलंच.

७. कडक झाले म्हणून रडू नका

केस पूर्ण वाळल्यावर बटा शेवयांसारख्या कडक लागतात. पहिल्यांदा जेल लावलेले बहुतेक जण इथे घाबरून केस पुन्हा धुतात. पण हा कडकपणा म्हणजेच जेल नीट बसलं आहे. या पापुद्र्याच्या आत बट अजून आकार धरून बसलेली आहे.

केस शंभर टक्के कोरडे झाले की तळहातांवर तेलाचे दोन थेंब चोळा, पुढे वाका आणि बटा मुठीत घेऊन खालून वर दाबा. कुरकुर आवाज येत पापुद्रा मोडतो आणि बटा मऊ होतात. मग चिमटे काढा, बोटांची टोकं मुळाशी घालून हलकेच हलवा, हवे तेवढे फुलवा. मुळाशीच, लांबीत नाही. थोडीही ओल असताना पापुद्रा मोडलात तर आधीची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून शंका असेल तर अर्धा तास थांबा.

८. रात्र आणि दुसरी सकाळ

झोपताना सगळे केस डोक्याच्या अगदी वर, कपाळाच्या बाजूला गोळा करून कापडी रबराने एकच वेढा देऊन सैल बांधा. अननसाच्या शेंड्यासारखं दिसतं, घरचे हसतात. सुती अभ्रा केसांवर घासतो आणि ओलावा शोषतो, म्हणून सॅटिनचा किंवा रेशमी. जुनी फाटकी रेशमी साडी असेल तर तिचा पदर सोडून मधल्या भागाचे दोन अभ्रे सहज निघतात.

सकाळी दबलेल्या तेवढ्याच बटांवर पाणी फवारा, पाण्यात कंडिशनरचा एखादा थेंब चालेल. बट बोटाभोवती गुंडाळा, सोडा, वाळू द्या. सगळं डोकं ओलं करायला गेलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कंगवा पुढच्या न्हाण्यापर्यंत कपाटात.

शाळेत जाणाऱ्या मुलींचा प्रश्न वेगळा. दोन वेण्या आणि रिबिनी सक्तीच्या असतात, तिथे मोकळे केस शक्य नाहीत. शनिवारी दुपारी केस धुवा म्हणजे रविवार मोकळा मिळतो, आणि सोमवारपासून कोरड्या केसांवर पाण्याचा फवारा मारून सैल वेण्या घाला. कपाळावरचे केस ताणून चापूनचोपून बसवलेल्या वेण्या रोज घातल्या तर कडेचे केस विरळ होत जातात, कुरळ्या मुलींच्या आयांनी हे विशेष बघावं.

९. हवा बदलली की बाटली बदला

ग्लिसरीन ओलावा ओढून घेतं. जुलैत मुंबईत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा ते हवेतलं पाणी केसात ओढतं आणि केस फुगतात. मे महिन्यात विदर्भात दुपारची हवा इतकी कोरडी असते की तेच ग्लिसरीन केसातला ओलावा ओढून बाहेर घालवतं. दोन्ही टोकांना घटकांच्या यादीत ग्लिसरीन पहिल्या चार-पाचांत असलेलं जेल टाळा. पुणे-नाशिककडे बरेच महिने ते चांगलं चालतं. कोकणात, गोव्यात पावसाळ्यासाठी घट्ट पकडीचं जेल आणि क्रीम निम्मं. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलट, क्रीम थोडं वाढवा आणि बाहेर पडताना ओढणी डोक्यावर घ्या. दुबईकडे किंवा थंडीत हीटर लावलेल्या परदेशी घरांत राहणाऱ्यांनी विदर्भाचा हिशेब धरावा.

फसायच्या जागा

एकाच दिवशी पाच नव्या बाटल्या सुरू करू नका, केस बिघडले तर कशाने ते कळणार नाही. एका वेळी एकच बदल, आणि निदान तीन-चार न्हाणी होऊ द्या.

तांदळाचं पाणी, अंडं, केराटिन मास्क असं सगळं एकाच आठवड्यात करू नका. जास्त प्रथिनाने काही जणांचे केस गवतासारखे ताठ होतात. तसं झालं तर ते सगळं थांबवा आणि दोन-तीन न्हाणी नुसतं साधं कंडिशनर लावा.

पार्लरमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या "ताई, स्मूदनिंग करून टाका, रोजची कटकटच नको" असं ऐकू येणारच. हो म्हणायच्या आधी दोन गोष्टी माहीत असू द्या. हायड्रोजन बंधांसारखं हे पुढच्या न्हाण्याला उलटत नाही. स्मूदनिंग आणि रिबाँडिंगमध्ये केसांचे पक्के बंधच तोडून बदलले जातात, त्यामुळे मन बदललं तर नवे केस येईपर्यंत वाट पाहावी लागते. दुसरी गोष्ट गंभीर आहे. केस सरळ करणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्झिलिक आम्ल असतं, आणि त्यानंतर मूत्रपिंडांना इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी इस्रायल आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या आहेत. कोणती बाटली वापरणार, ती दाखवायला सांगा.

केस कापायला जाल तेव्हा ते धुऊन, वाळवून, बटा सुटलेल्या असताना जा आणि कोरडेच कापायला सांगा. ओला कुरळा केस ताणून कापला की वाळल्यावर दोन-तीन बोटं वर चढतो, कपाळावरची झुलपं तर त्याहून जास्त. कात्री लावण्याआधी किती कापणार ते बोटांनी दाखवायला लावा, आणि कुरळ्यांवर 'थिनिंग' (केस विरळ करणारी) कात्री चालवू देऊ नका.